गाय सारखी उलटतेय? एकदा गोठ्याच्या हवेकडेही बघा

थंडी सुरू झाली की सोलापूरच्या हवेचे आकडे पेपरात यायला लागतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवा सुधारायची म्हणून त्यात महाराष्ट्रातली जी शहरं घेतली, त्यांत सोलापूर आहे. रस्त्याची धूळ किती, धूर किती, माणसांच्या फुफ्फुसांचं काय, यावर बोललं जातं आणि जायलाच हवं. पण मोहोळ, माढा, पंढरपूर, सांगोला भागात रात्री ताडपत्री सोडून बंद केलेल्या गोठ्यात जनावरं बारा-बारा तास जी हवा ओढतात, ती कुणीच मोजत नाही. अमोनियापुरतं बोलायचं तर ती शहरातल्या कुठल्याही चौकापेक्षा कितीतरी वाईट असते.

त्या हवेने जनावर खोकतं हे बहुतेकांना माहीत असतं. तीच हवा माजावर, गाभ धरण्यावर आणि गाभ टिकण्यावर परिणाम करू शकते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. गाय दोन-तीनदा भरवूनही (रेतन करूनही) उलटली, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर आली, की आपण रेतनाची वेळ, वीर्याची कांडी, खनिज मिश्रण, गर्भाशयाचा संसर्ग या क्रमाने दोष शोधतो. बहुतेक वेळा कारण त्यातच सापडतं. पण हे सगळं तपासूनही गाडं अडलेलंच असेल, तर पहाटे साडेपाचला गोठ्याची ताडपत्री उचला आणि आत शिरल्यावर पहिल्या दहा सेकंदांत आपले डोळे काय सांगतात ते बघा.

हवेत असतं तरी काय?

मुख्य चार गोष्टी असतात. पहिली अमोनिया, म्हणजे मुताचा तो नाकात झोंबणारा वास. दुसरी धूळ: कुट्टीची, वाळलेल्या शेणाची, जनावराच्या कातडीच्या कोंड्याची. तिसरी या धुळीवर बसून येणारे जीव, म्हणजे जिवाणू आणि बुरशीची बीजं. चौथा धूर, आपणच केलेला किंवा शेजारच्या फडातून आलेला. याशिवाय शेणखळीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. प्रजननापेक्षा जिवालाच त्याचा धोका मोठा. शेणाची बंद टाकी ढवळताना तो एकदम बाहेर येतो, प्रमाण फार वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस जागेवर कोसळतो. अशा टाकीत कुणी पडलं म्हणून मागोमाग उतरायचं नाही, एवढं इथेच सांगून पुढे जातो.

अमोनिया: काडी आणि पेटी

जनावराच्या मुतात युरिया असतो. त्या युरियाचा अमोनिया करणारं विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, मुतात नसतं. ते शेणातल्या जिवाणूंकडे असतं. काडी एकीकडे आणि पेटीची कड दुसरीकडे असेल तोवर आग लागत नाही, तसंच हे आहे. नुसतं मूत नालीतून लगेच वाहून गेलं तर फारसा वास सुटत नाही. मूत आणि शेण एकत्र कालवलं, त्यावर जनावर बसलं-उठलं, की काही तासांतच अमोनिया सुटायला लागतो. मोठी गाय दिवसाला साधारण १० ते २० लिटर मुतते. पाच गायींचं एका रात्रीचं मूत खड्डे पडलेल्या फरशीवर साचलं, तर तो अमोनियाचा कारखानाच झाला.

उष्णता वाढली की ही क्रिया वेग घेते. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा अमोनिया सर्वात जोरात तयार होतो, पण गोठा उघडा असल्याने बराचसा उडून जातो. थंडीत तयार कमी होतो, पण सगळं बंद केल्याने आतच कोंडतो. त्यामुळे दोन्ही ऋतूंत त्रास आहे, फक्त त्याची तऱ्हा निराळी.

आता मोजमाप. हवेतला वायू पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या साधारण ३५ किलोत दहा लाख दाणे भरतात. त्यात २५ खडे मिसळले तर ते २५ पीपीएम. ज्वारीत एवढे खडे हाताला लागणारही नाहीत, पण हवेत एवढा अमोनिया असला की डोळे चुरचुरू लागतात. ताज्या नाकाला ५ ते २० पीपीएमच्या दरम्यान वास कळतो. गोठ्यात तो १० च्या आत ठेवायचा आणि २५ च्या वर कधीच जाऊ द्यायचा नाही, असं धरून चाला.

नाकातून गर्भाशयापर्यंत

फुफ्फुसात गेलेल्या हवेचा गर्भाशयाशी काय संबंध, हा प्रश्न साहजिक आहे. वाटा एकाहून जास्त आहेत.

श्वासनळीच्या आतल्या बाजूला केसांपेक्षा बारीक तंतू असतात. ते सतत हलतात आणि धूळ-जंतू चिकटलेला कफ वर ढकलत राहतात. घरातला केर झाडून बाहेर काढावा तसं हे काम अखंड चालू असतं. अमोनिया हा झाडूच निकामी करतो. मग धूळ आणि जंतू खोल उतरतात. गोठ्याच्या धुळीत एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. शेणातल्या काही जिवाणूंच्या कवचाचा तो तुकडा असतो. जिवाणू मेला तरी कवच उरतं आणि तेच त्रास देतं. शरीर त्याला शत्रू समजून फुफ्फुसात दाह सुरू करतं आणि दाहाचे रासायनिक निरोप रक्तातून सगळीकडे जातात, मेंदूपर्यंतही.

मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते. तिथून एलएच नावाचं संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने झटक्याझटक्याने रक्तात सोडलं जातं आणि माजाच्या सुमारास त्याची एक मोठी लाट येते. ती लाट आली की अंडाशयातला पिकलेला फोड फुटतो आणि अंड बाहेर पडतं. मेंढ्या आणि गायींना एंडोटॉक्सिन टोचून केलेल्या प्रयोगांत हे झटके मंदावलेले आणि लाट लांबलेली किंवा आलीच नाही असं दिसलं आहे. लाट आली नाही तर फोड फुटत नाही, कधी तो तसाच वाढत राहून गाठ होते. म्हणजे गाय माजावर दिसते, आपण वेळेवर भरवतो, पण अंड सुटलेलंच नसतं किंवा फार उशिरा सुटतं. घराला आग लागली असताना कुणी बारशाची तयारी करत नाही. शरीराचंही तसंच आहे, जीव वाचवायचा असताना ते गाभ धरायचं काम मागे ढकलतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. प्रयोगात टोचलेला डोस आणि गोठ्यात श्वासातून जाणारा डोस सारखा नसतो. धुळीच्या गोठ्यात राहिली म्हणून प्रत्येक गाय उलटेलच असं नाही. पण उन्हाचा ताण, कासदाह, ताकदीची कमतरता अशा ओझ्यांवर हे आणखी एक ओझं चढतं, आणि बैलगाडी बहुधा शेवटच्या पोत्यानेच मोडते.

दुसरी वाट पोटातून जाते. उग्र हवेत जनावर चारा कमी खातं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत दूध देणाऱ्या गायीला आधीच ताकद कमी पडत असते, त्यात खाणं घटलं की माज लांबतो. उन्हाळ्यात म्हशीचा मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा माज, ही नेहमीचीच तक्रार आहे. पंढरपुरी म्हैस या हवामानाला सरावलेली, पण ओल्या, कोंदट छपराखाली तिचाही माज हुकतो. त्यातच मालकाला तिच्याजवळ पाच मिनिटं उभं राहवत नसेल, तर माज ओळखणार तरी कोण?

तिसरी वाट सरळ रोगाची आहे. आयबीआर हा गायी-म्हशींचा विषाणूजन्य आजार शिंकेच्या तुषारांतून, नाकाला नाक लागून पसरतो. आधी सर्दी-ताप आणि पुढे गाभण जनावरात गर्भपात. अमोनियाने तंतू निकामी झालेल्या नाकात त्याला आयतं घर मिळतं. एका रांगेत नाकाला नाक लावून बांधलेल्या दहा गायी आणि मधून हवा नाही, अशी मांडणी या विषाणूला फार सोयीची.

शेळ्या-मेंढ्यांत क्यू ताप नावाचा आजार असतो. त्याचे जंतू गाभडलेल्या किंवा व्यायलेल्या शेळीच्या वारेत आणि पाण्यात प्रचंड असतात, ते वाळून धुळीत मिसळतात आणि महिनोन्महिने टिकतात. ती धूळ उडाली की दुसरी शेळी आणि झाडणारा माणूस दोघांनाही लागण होऊ शकते. म्हणून उस्मानाबादी शेळ्यांच्या वाड्यात एकापाठोपाठ एक शेळ्या गाभडायला लागल्या तर कोरडं झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाकाला फडकं नव्हे तर चांगला मास्क लावा, वार आणि मेलेलं करडू उघड्या हाताने उचलू नका. घरातल्या गरोदर बाईने त्या वाड्यात पाऊल टाकू नये.

वळू, बोकड आणि उशिरा येणारा हिशोब

नराकडे लक्ष सगळ्यात कमी जातं. बैलाच्या अंडकोषात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, पुढे तो परिपक्व व्हायला आठ-दहा दिवस. बोकडात हा काळ दीड-पावणेदोन महिन्यांचा आहे. शुक्राणूचं बाहेरचं आवरण नाजूक चरबीचं असतं आणि दीर्घ दाह, धूर, उष्णता यांनी शरीरात वाढणारे मारक ऑक्सिजन-कण त्या चरबीवर हल्ला करतात. लोखंडाला गंज चढावा तसं. शुक्राणूची हालचाल मंदावते, आकार बिघडतो.

मादीतही अंडाशयातला बारीक फोड वाढून फुटण्याजोगा व्हायला ८० ते १०० दिवस लागू शकतात. म्हणून कारण आणि परिणाम यांच्यात दोन-तीन महिन्यांचं अंतर पडतं. पौष-माघात गोठा कोंडला, गाय चैत्रात उलटली. चैत्रात गोठा उघडा असतो, वासही नसतो, मग दोष ज्याने भरवली त्याच्यावर जातो. वहीत तारखा लिहिल्याशिवाय हा धागा हाती लागत नाही. माजाची तारीख, भरवल्याची तारीख, पुन्हा माजावर आल्याची तारीख. १८ ते २४ दिवसांनी उलटली तर गाभ धरलाच नाही किंवा अगदी सुरुवातीला गेला. २५ दिवसांच्या पुढे, ३५-४० दिवसांनी उलटली तर गाभ धरून गेलेला असण्याची शक्यता मोठी. मधला माज आपल्याच नजरेतून सुटला नव्हता ना, हेही तपासायचं. पशुवैद्यकाला ही वही दाखवली की त्यांचं निम्मं काम सोपं होतं.

बुरशी लागलेला कडबा

या सगळ्या विषयात सर्वात पक्का पुरावा कशाचा असेल तर बुरशीचा. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी ओल्या चाऱ्यावर वाढते. अवकाळी पावसात कडब्याची गंज भिजली, वरून वाळली पण आतून गरम आणि दमट राहिली, की ती तिथे मुक्काम ठोकते. पेंढी सोडली की राखाडी-हिरवट भुकटी उडते आणि नाकात कुबट वास भरतो. ती भुकटी म्हणजे लाखो बीजं. ती श्वासातून फुफ्फुसात किंवा चाऱ्यातून पोटात जातात, तिथून रक्तात आणि गाभण गायीत थेट वारेपर्यंत. वारेला बुरशी लागली की वासराचा रक्तपुरवठा तुटतो. गाय बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यात गाभडते. पडलेली वार जाड, चामड्यासारखी दिसते, कधी वासराच्या अंगावर गजकर्णासारखे चट्टे असतात. असं दिसलं तर वार फेकून देऊ नका. ती आणि वासरू पशुवैद्यकाला दाखवा, नमुना तपासणीला पाठवता येतो. ब्रुसेलोसिस (जिवाणूंमुळे गाभडायला लावणारा आजार) आहे की बुरशी, हे नुसतं बघून ठरत नाही, आणि ब्रुसेलोसिस माणसालाही होतो.

साखर कारखान्यांचा जिल्हा असल्याने चिपाड, म्हणजे उसाचा बगॅस, जनावराखाली टाकायला सहज मिळतो. सुका आणि ताजा असेल तर तो मूत चांगलं शोषतो. पण ढिगात भिजून तापलेल्या बगॅसमध्ये उष्णताप्रिय जिवाणू-बुरशी वाढतात आणि त्याच्या धुळीने माणसांना फुफ्फुसाचा आजार होतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. जुना काळपट बगॅस गोठ्यात आणू नका.

कुट्टीचं यंत्र गोठ्यात चालवू नका, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बाहेर चालवा. गव्हाणीत टाकण्याआधी कुट्टीवर हलका पाण्याचा हबका मारा, धूळ तिथल्या तिथे बसते. पण भिजवलेली कुट्टी दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही.

संध्याकाळचा धूर

डास-माश्यांसाठी गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला पेटवून धूर करायची पद्धत घरोघरी आहे. हेतू चांगला. पण बंद गोठ्यात रात्रभर धुमसणारी पाटी हा वेगळा प्रकार आहे. धुमसत्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक हा वायू आधी पकडतो, प्राणवायू बाजूला राहतो. पोटातल्या पिलाचं रक्त त्याला आईपेक्षाही घट्ट धरून ठेवतं. बंद खोलीत धुराडं नसलेल्या शेगड्या लावल्याने डुकरिणींना पूर्ण दिवसांची पण मेलेली पिल्लं झाल्याचं पशुवैद्यकांना चांगलं माहीत आहे. आई वरून ठीक दिसते, पिल्लं मात्र जातात. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देताना कोळशाची शेगडी लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

धूर करायचाच तर जनावरं बाहेर असताना, वाऱ्याकडच्या बाजूला, पंधरा-वीस मिनिटं. मग पाटी पूर्ण विझवून बाहेर. गाभण जनावर आणि वासरं त्यात ठेवायची नाहीत. डास कमी करायचे तर उकिरडा गोठ्यापासून लांब, नाली वाहती आणि रात्री मच्छरदाणीचं जाळं, यांचा उपयोग धुरापेक्षा जास्त होतो.

पेंड दोन्हीकडून मारते

ही बाब फारशी कुणी जोडून बघत नाही. दूध वाढावं म्हणून सरकी पेंड, शेंगदाणा पेंड गरजेपेक्षा जास्त दिली आणि सोबत मका भरड्यासारखी ताकद कमी पडली, तर जादा प्रथिनांचा पोटात अमोनिया होतो. यकृत त्याचा युरिया करतं. तो रक्तात, दुधात, मुतात आणि गर्भाशयातल्या द्रवातही उतरतो. दुधातला युरिया नायट्रोजन डेसिलिटरला १९ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की गाभ धरण्याचं प्रमाण घटतं, असं दिसून आलं आहे, कारण गर्भाशयातलं वातावरण कोवळ्या गर्भाला सोसत नाही. आणि मुतातला वाढलेला युरिया फरशीवर पडून हवेतला अमोनिया वाढवतो. एकच चूक आतूनही मारते, बाहेरूनही. दुधाची ही तपासणी जिथे होते तिथे करून घ्या आणि मगच पेंड ठरवा. पेंडीचे पैसे वाचले तर तो वरचा फायदा.

गोठ्याची हवा घरच्या घरी कशी तपासायची

वेळ पहाटेची, ताडपत्री उघडण्याआधी. नाक बाहेरच्या माणसाचं, कारण रोज तिथे वावरणाऱ्याला काही मिनिटांत वास कळेनासा होतो. उंची जनावराच्या नाकाची. गाय बसलेली असताना तिचं नाक जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतं, म्हणून तिथे वाका. उभं राहून घेतलेला अंदाज खोटा निघतो.

अमोनिया मोजायच्या पट्ट्या मिळतात. त्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने ओल्या करून, सांगितलेले सेकंद हवेत धरून, डबीवरच्या रंगाशी जुळवायच्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी क्षारांचं, पट्टी हवेत धरण्याआधीच रंग बदलते.

हवा फिरते का ते बघायला एक उदबत्ती पुरते. कडब्यापासून लांब, बसलेल्या गायीच्या नाकाच्या उंचीवर धरा. धूर आडवा सरकत बाहेर गेला तर बरं. सरळ वर जाऊन पत्र्याखाली पसरला आणि तिथेच घुटमळला, तर गरम हवेला वरून वाट नाही. पत्र्याच्या आतून पहाटे थेंब टपकत असतील, वाशांना जळमटं लोंबत असतील, तर निदान झालंच.

दुरुस्ती, महत्त्वाच्या क्रमाने

आधी मुताची वाट. फरशीला नालीकडे ४० फुटांना एक फूट उतार हवा, म्हणजे दहा फुटांच्या उभ्या जागेला तीन इंच. खड्डे बुजवा. एकच खड्डा दोन-तीन लिटर मूत धरतो आणि रात्रभर वास सोडतो. नाली झाकलेल्या टाकीत जाऊ द्या. तिथलं गोमूत्र जीवामृताला आणि शेताला कामी येतं. शेण दिवसातून दोनऐवजी चार वेळा ओढलं तर त्याचा फरक पट्टीवर दिसतो. शेवटचा हात रात्री झोपण्याआधी.

मग छप्पर. पत्र्याच्या मध्यावर आढ्याला सलग फट ठेवा, गोठ्याच्या रुंदीच्या दर दहा फुटांना दोन इंच. पंधरा फुटी गोठ्याला तीन इंच, तीस फुटीला सहा. पावसासाठी त्यावर थोडा उंच टोपीपत्रा. बाजूच्या भिंती बंदच असतील तर ही फट काही करत नाही, कारण खालून हवा आत आली तरच वरून बाहेर जाईल.

मग जागा. मोठ्या गायीला छपराखाली साधारण ४० चौरस फूट आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट, म्हशीला थोडी जास्त. मुक्त संचार गोठ्याचा मोठा गुण हाच, की शेण-मूत पसरतं, ऊन लागून वाळतं आणि गाय एकमेकींवर चढू लागली की माजही लांबून दिसतो.

आता दोन चुका, दोन्ही स्वच्छतेच्या नावाखाली होणाऱ्या. ओल्या शेणमुतावर चुना भुरभुरू नका. चुन्याने तिथला विद्राव्य अमोनिया वायू होऊन एकदम हवेत सुटतो. चुना लावायचा तो धुऊन वाळलेल्या फरशीला. आणि ब्लीचिंग पावडर मुतावर टाकू नका, दोन्ही मिळून घसा जाळणारा वायू तयार होतो. आधी पाण्याने धुवा, निथळू द्या, मग हवं तर वापरा.

कोंबड्यांच्या शेडला तत्त्व तेच. खालचं तूस मुठीत दाबून सोडलं तर ते सुटं व्हायला हवं. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, आणि तिथूनच अमोनिया निघतो. बहुतेक वेळा पाणी पाजायचा गळका निप्पल कारण असतो. अमोनिया फार वाढला तर कोंबड्यांचे डोळे येतात, खाणं घटतं आणि अंडीही.

"पण थंडीत उघडं ठेवलं तर जनावर गारठेल"

मोठं जनावर नाही गारठत. संकरित होल्स्टिन गायीला ५ ते २५ अंशांत आराम वाटतो. सोलापुरात थंडीतली रात्र क्वचितच १० अंशांखाली जाते. तिला खरा धोका उन्हाळ्याचा आहे. ताडपत्री लावायची तर वाऱ्याच्या बाजूने, आणि पत्र्याखाली वरचा फूट-दीड फूट मोकळा सोडून. वासरं आणि करडांना कोरडं अंथरूण आणि आडोसा द्या, तोही हवाबंद नको. ओल्या फरशीवर बसलेलं वासरू उबदार गोठ्यातही आजारी पडतं.

"आजोबांच्या काळी गोठा घरालाच लागून होता, तेव्हा काही झालं नाही"

तेव्हाची खिलार दिवसभर रानात असायची, रात्री फक्त दावणीला. खायला कडबा आणि वैरण, पेंड मोजकी, म्हणून मुतात युरियाही कमी. जनावरं दोन-चार, छप्पर पाचटाचं, त्यातून हवा झिरपायची. आज तेवढ्याच जागेत पत्र्याखाली दहा संकरित गायी चोवीस तास उभ्या असतात.

"पंखा तर लावलाय"

पंखा हवा हलवतो, बदलत नाही. बंद गोठ्यात तो तीच हवा फिरवत राहतो. एका बाजूने आत येणारी वाट आणि समोरून बाहेर जाणारी वाट असेल तरच त्याचा उपयोग. फॉगरचंही, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्राचंही, तसंच. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तो गारवा देतो, पण फरशी ओली करून अमोनिया वाढवतो. त्यापेक्षा गायीला बाहेर मोकळ्यात एक-दोन मिनिटं भिजवून पंख्याखाली उभी करा.

"बाहेरच पाचटाचा धूर असेल तर उघडून काय उपयोग?"

गाळप हंगामात हा प्रश्न रास्त आहे. शेजारचा फड पेटला असेल तेवढे तास धुराकडची बाजू बंद करा, दुसरी उघडी ठेवा आणि गाभण जनावरं शक्य तर लांब हलवा. धूर ओसरला की पुन्हा उघडा. बाहेरचा धूर काही तासांचा असतो, आतला अमोनिया रोज रात्रीचा. आणि आपल्या फडातलं पाचट तरी जाळू नका. कुट्टी करून जमिनीत गाडलं तर ओल टिकते.

"हे सगळं खरंच सिद्ध झालंय का?"

काही गोष्टी पक्क्या आहेत: बुरशीने होणारा गर्भपात, कार्बन मोनॉक्साइडने मेलेली पिल्लं, आयबीआरचा हवेतून प्रसार, एंडोटॉक्सिनने अडणारी एलएचची लाट. अमोनियाने कोवळ्या मादी डुकरांचं वयात येणं लांबतं का, यावर झालेले प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत लांबलं, काहींत फक्त वाढ मंदावली. बारीक धुळीचा अंडाशय आणि वीर्यावरचा परिणाम मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांत आणि माणसांत तपासला गेला आहे, गायीत कमी. म्हणून गाय उलटली की सगळं खापर हवेवर फोडू नका. पशुवैद्यकाची तपासणी आधी, हवेची सोबत.

बदल केला तर कधी दिसेल?

खोकला आणि डोळ्यांतलं पाणी आठ-पंधरा दिवसांत कमी होतं. चाऱ्यावरचं तोंडही त्याच सुमारास सुधारतं. माज स्पष्ट दिसायला एक-दोन पाळ्या जातात, म्हणजे महिना-दीड महिना. गाभ धरण्यातला फरक मात्र अडीच-तीन महिन्यांनी कळतो, कारण आज गोठ्यात जी हवा आहे तिच्यातच तीन महिन्यांनी सुटणारं अंड आणि दोन महिन्यांनी वापरला जाणारा शुक्राणू घडतोय. म्हणून गोठा दुरुस्त केल्याची तारीखही त्याच वहीत लिहा, आणि तिथून शंभर दिवस होईपर्यंत त्या गायीला बाजार दाखवू नका.